वाढत्या मापाची सॅक

आमच्या घरात सगळं वाढत्या मापाचं आणायची पद्धत. शाळेचा गणवेश दोन वर्षं टिकेल असा, कॅनव्हासचे बूट पुढे कापूस कोंबून. माझ्या आईने फ्रॉकच्या खाली चार बोटांची दुमड ठेवून टीप मारायची आणि दर जूनमध्ये एकेक बोट उसवायचं. सदाशिव पेठेतून मी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आले, कंपनीच्या बसने हिंजवडीला जायला लागले, पण ही खोड काही गेली नाही. त्या खोडीपायी मी एकदा माझ्या नवऱ्याची पाठ सोलून काढली. ते आता लिहूनच टाकते.

नवरा अमरावतीकडचा. सन दोन हजारच्या आधीच्या वायटूकेच्या धामधुमीत एक पेटी आणि कॉम्प्युटरची पदवी घेऊन पुण्यात आला आणि माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसला. बोलायला लागला की 'का' ऐवजी 'काहून' म्हणायचा, आणि माझी मावशी समोरच त्याला दुरुस्त करायची. तो हसून परत 'काहून'च म्हणायचा. पुढे खुर्चीत बसून बसून दोघांचीही पोटं सुटली. तेव्हा कंपन्यांमध्ये धावण्याचं खूळ आलं होतं, टी-शर्ट वाटायचे. आम्ही वेताळ टेकडीवर धावायला लागलो. माझं खूळ दोन वर्षांत उतरलं, त्याचं चढत गेलं. डांबरी रस्त्यावरची शर्यत त्याला आवडायची नाही. डोंगरातली, पायवाटेवरची असेल तर मात्र हा पहाटे चारला उठून बुटांच्या नाड्या बांधत बसलेला.

मग त्याच्या पोटात गाठ निघाली. कॅन्सर. आमच्या नात्यात हा शब्द कोणी उच्चारत नाही, "त्यांना जरा बरं नाहीये" एवढंच म्हणतात. मला त्याचा फार संताप यायचा. ऑपरेशनमध्ये जठराचा बराच भाग काढून टाकला. डॉक्टर स्वच्छ मराठीत म्हणाले, "गाठ गेली आहे. पण वजन आता पूर्वीसारखं भरणार नाही, थोडंथोडं खायचं, घोटघोट प्यायचं." पहिलं वाक्य मी ऐकलं. दुसरं कानाआड केलं. मी डिंकाचे लाडू केले, खिमट केलं, तूप ओतलं. तो दोन घास खायचा आणि ताटली हळूच बाजूला सरकवायचा. त्याचे जुने शर्ट मी कपाटातून हलवले नाहीत. अंग भरेल, लागतीलच.

आठ महिन्यांनी तो म्हणाला, "डोंगरातली रेस आहे. अकरा किलोमीटरची. पळणार नाही, चालेन." मी आधी भांडले. मग त्याचा चेहरा पाहिला आणि म्हटलं, मीही येते. अडचण पाण्याची होती. त्याला एका दमात पेलाभर पाणी पिता येत नव्हतं, म्हणजे पाण्याच्या टेबलाची वाट बघत राहणं शक्य नव्हतं. पाठीवर पाण्याची पिशवी असलेली सॅक हवी, जिची नळी खांद्यावरून तोंडाशी येते. चालता चालता घोट घ्यायचा.

सॅक आणायला मी एकटीच गेले. दुकानदार साठीचे, स्वतः डोंगर चढणारे, अस्सल पुणेरी. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कुणासाठी?"

"मिस्टरांसाठी."

"छातीचं माप?"

मी ऑपरेशनच्या आधीचं सांगितलं. मग जीभ चावली आणि म्हटलं, "आता जरा बारीक झालेत. पण हेच द्या."

"आजचं माप सांगा. ही भाजीची पिशवी नाही. अंगाला चिकटून बसली नाही तर पाणी हिंदकळतं, पाठ सोलून निघते."

"अहो, अंग भरेल त्यांचं!"

"भरल्यावर या. दुकान इथेच आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. माणूस आजारातून उठतोय आणि हे गृहस्थ मला अक्कल शिकवतायत! मी मोठीच घेतली. वर, माझ्यासाठी बायकांची सगळ्यात लहान सॅक घेतली, तीही त्यांच्याकडूनच, कारण एवढं बोलून झाल्यावर दुसऱ्या दुकानात जायचं त्राण नव्हतं.

घरी त्याने ती घालून पाहिली. सगळे पट्टे शेवटपर्यंत ओढले, टोकं गुडघ्याकडे लोंबायला लागली, तरी सॅक सैलच. "काहून ग एवढी मोठी?" म्हणाला. मी म्हटलं, "वाढत्या अंगाची आहे." तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हो का. मग छान आहे." टेकडीवर सरावाला जाताना तो पाठीवर आतून नॅपकिन खोचायला लागला. मी विचारलं तर म्हणे, घाम टिपायला. मी विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर मला विश्वास ठेवायचाच होता.

रेस सिंहगडाच्या पलीकडच्या डोंगरात होती. थंडीतली सकाळ, गवत वाळून पिवळं झालेलं. तरणी पोरं-पोरी सुरुवातीलाच आमच्या अंगावरून निघून गेली. चढ आम्ही नीट चढलो. तो पुढे, मी मागे, मधूनमधून नळीतून त्याचा घोट. वरच्या सपाट सड्यावर पोचलो तेव्हा तो वळून हसला. ते हसू मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, झालं, आला परत माझा माणूस.

मग उतार लागला. उतारावर तो जरा पळायला लागला आणि ती सॅक त्याच्या पाठीवर आपटायला लागली. प्रत्येक पावलाला वर उडायची, खाली आदळायची, आत पाणी डुचमळायचं. मागून मला तो आवाज ऐकू येत होता. टी-शर्ट कमरेपाशी ओला दिसला. घाम असेल म्हटलं. एका वळणावर ऊन पडलं आणि दिसलं, तो ओलावा तांबडा होता.

"थांब!" मी ओरडले. "थांब आधी!"

त्याला दगडावर बसवलं, सॅक काढली, टी-शर्ट वर केला. मणक्याचे मणी वर आलेले, आणि दोन ठिकाणी कातडं निघालेलं. बाजूला जुन्या खपल्या होत्या. म्हणजे सरावातही हेच चाललं होतं.

"तोंडाने सांगता येत नाही?" मी त्याच्यावर किंचाळले. "महिनाभर सोलून घेतोयस पाठ! मूर्ख आहेस का?"

मागून एक बाई धापा टाकत आली, "बरंय ना?" विचारून पुढे गेली.

"तू इतक्या आशेनं आणली होती," तो म्हणाला. "काय सांगू तुले?" एरवी माझ्याशी तो पुण्याचं बोलायचा. फार लागलं की गावचं बोलायचा. "अंग नाही भरणार आता. डॉक्टरनं सांगितलं तेव्हा तू तिथंच होतीस ना. आता एवढाच आहो मी."

मला दुकानदारांचा राग आला, डॉक्टरांचा आला, त्या वाळक्या गवताचासुद्धा आला. त्या सगळ्यांनी मला आधीच सांगितलं होतं असं वाटलं. मग रडू आलं. मी भर वाटेवर मांडी घालून हमसून रडले आणि तो माझ्या डोक्यावर हात ठेवून बसला. पाठ त्याची सोललेली, आणि समजूत माझी काढत होता.

माझ्या खिशातला नॅपकिन ओला करून मी पाठ पुसली, घडी करून जखमेवर ठेवली. मग माझी सॅक काढून त्याला घातली. बायकांची, सगळ्यात लहान. छातीवरचं बक्कल टक्कन लागलं. पट्टा फारसा ओढावाही लागला नाही.

"बसली," तो म्हणाला. "बरोबर बसली."

बाजूचा पट्टा आवळायला मी मागून दोन्ही हात त्याच्याभोवती घेतले होते. ऑपरेशन झाल्यापासून मी त्याला जवळ घेतलं नव्हतं. दुखेल म्हणून, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे हाताला हाडं लागतील याची मला भीती वाटायची. आता हात पुढे सहज एकमेकांना भिडले. हाडं लागली. मी हात सोडले नाहीत.