जूनमधली कोबी

कामावर हात मोडला तर सगळ्यात आधी काय करायचं, सांगा बघू? बर्फ लावायचा? पट्टी बांधायची? साहेबाला फोन करायचा? सगळं ठाऊक आहे असं वाटतंय ना? कोरियातल्या बुसानच्या पोकनिमताईलाही तसंच वाटायचं. अठरा वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात आठशे पोरांचं जेवण रांधलेली बाई ती. तिला कोण काय शिकवणार?

त्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक फळा होता. ‘अपघाताविना दिवस’. त्यावरचा आकडा रोज सकाळी ताईच बदलायची. दुसऱ्या कुणी खडूला हात लावलेला तिला खपत नसे. जूनमधल्या त्या मंगळवारी आकडा होता चारशे बारा. कटलेट तळायचा दिवस, त्यामुळे फरशीवर तेल आणि पाणी एक झालेलं. पाय घसरू नये म्हणून रबरी चटया दोनदा मागून झाल्या होत्या. चटया काही आल्या नाहीत, फळा मात्र कोरा करकरीत आला होता. मोड आलेल्या सोयाबीनच्या सूपचं पातेलं घेऊन ताई वळली आणि धाडकन उजव्या हातावर पडली. मनगट भलत्याच दिशेला गेलं.

आणि ताईचं पहिलं वाक्य काय? “सूप सगळं सांडलं का गं?”

स्वयंपाकघराची जबाबदारी असलेल्या आहारतज्ज्ञ बाई धावत आल्या. ताईच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी मनगट पाहिलं, मग फळा पाहिला. “ताई, एक विनंती होती. दवाखान्यात... घरी पडले म्हणाल का? पुढच्या आठवड्यात सुरक्षेची तपासणी आहे. आणि चारशे बारा दिवस हो...” त्यांचे डोळे भरले. ते बघून ताईचेही भरले. ते चारशे बारा तिनेच तर लिहिले होते!

“म्हणते की. त्यात काय एवढं!”

जोडीला काम करणाऱ्या थेइमने तिला गाडीत बसवलं आणि तोंड सोडलं. “घरी पडलीस म्हणालीस की कामगार विमा गेला. हात बरा होईपर्यंत बिनपगारी बस. आणि मनगट आखडलं, तर हेच लोक म्हणतील, घरी मोडून घेतलंत, आता पातेलं उचलता येत नसेल तर निघा!”

“तू गप गं. मी शब्द दिलाय.”

“कुणाला? फळ्याला?”

हाडांच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. मान वर न करताच त्याने विचारलं, “कुठे पडलात?”

“घरी. न्हाणीघरात.”

इथे थांबली असती तर खपून गेलं असतं. पण ताईला कमी वाढायची सवयच नाही. “टबमध्ये कोबी मिठात घालत होते. किमचीसाठी. चांगले वीस गड्डे. उठायला गेले आणि...”

डॉक्टर निमूटपणे टाइप करत होता. बिचाऱ्याने जन्मात कधी कोबीला हात लावला नसावा. प्लॅस्टरचं सामान घेऊन आलेली नर्स मात्र जागीच थबकली.

“मावशी, वीस गड्डे? जूनमध्ये?”

किमची म्हणजे कोबीचं लोणचं, आणि त्यासाठी सगळा देश हिवाळ्याच्या तोंडावर टब भरून कोबी मिठात घालतो. जूनमध्ये नाही.

“यंदा जरा लवकर केलं,” ताई म्हणाली.

“पांढरे गमबूट घालून?”

ताईने खाली पाहिलं. गमबूट. वर एप्रन. डोक्यावर जाळी. बाहीला मोड चिकटलेले.

“न्हाणीघरात सूपही होतं वाटतं?” नर्स म्हणाली. दाराआड थेइम फिस्सकन हसली. नर्स हसली नाही. ती जवळ येऊन बसली. “माझी आई शाळेतच रांधायची. खांदा निखळला तेव्हा तीही ‘घरीच’ म्हणाली होती. आता चमचासुद्धा डाव्या हाताने धरते. डॉक्टर आत्ता जे लिहितील ना मावशी, तेच पुढे सगळे वाचणार.”

ताई आपल्या सुजलेल्या हाताकडे बघत राहिली. याच हाताने अठरा वर्षं पळी फिरवली होती.

“खोडा ते, डॉक्टर. शाळेच्या स्वयंपाकघरात पडले. आज अकरा वाजता. ओल्या फरशीवरून, सूपचं पातेलं घेऊन.”

“नक्की?”

“कोबी खोडा म्हटलं ना!”

विम्याचा अर्ज कामगाराने स्वतः करायचा असतो, शाळेचा शिक्का लागत नाही, हवं तर दवाखानाच भरून पाठवतो, हे नर्सने सांगितलं तेव्हा ताई भडकलीच. “मग मी त्या पोरीला शब्द कशाला देत बसले?”

दुसऱ्या दिवशी प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून ती शाळेत हजर. आहारतज्ज्ञ बाईंचा चेहरा पांढराफटक. ताईने फळा पुसला आणि डाव्या हाताने एक शून्य काढलं.

“तपासणीला आले की हे दाखवा, बाई. आणि चटया मागा.”

“शून्य आहे की बटाटा?” थेइमने विचारलं.

“डाव्या हाताचं आहे. चालवून घे.”

म्हणून म्हणते, तुमच्याकडे कुणी पडलं, भाजलं, कापलं, तर सांडलेलं नंतर पुसा. आधी त्याच्यासोबत दवाखान्यात जा, आणि पहिल्याच कागदावर जागा, दिवस, वेळ खरी लिहून घ्या. जूनमध्ये कुणालाही कोबी मिठात घालू देऊ नका.