नुसती खाज

आमच्या कुत्र्याला खाज सुटली तेव्हा श्रावण संपत आला होता. तो पडवीत बाकाखाली बसून खाजवायचा आणि त्याचा मागचा पाय बाकाच्या पायावर आपटायचा. ठक ठक ठक. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं. मी चहा गाळता गाळता ओरडायचे, "गप रे!" तो थांबायचा, गुन्हा केल्यासारखा माझ्याकडे बघायचा आणि मी पाठ फिरवली की पुन्हा सुरू.

घरात माणसं दोनच, बाबा आणि मी. भाऊ मुंबईला, आई जाऊन तीन वर्षं झालेली. मी रोज स्कूटरवरून रत्नागिरीला नोकरीला जाते आणि दिवे लागायच्या सुमारास परत येते. मधला सगळा दिवस बाबांना हा कुत्राच. त्याला नाव म्हणून काही ठेवलं नव्हतं, बाबा नुसतं 'गडी' म्हणायचे. एका डोळ्यानं बाबांना आता धूसर दिसतं, तरी आंब्याच्या कलमांच्या बागेत गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. गडी पुढे, बाबा मागे. गवतात फुरशासारखा साप असला की तो आधी थांबायचा, आणि तो थांबला की बाबा थांबायचे. माझ्या बापाचा जीव त्या कुत्र्याच्या चार पायांवर चालतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर मला माझाच अजून राग येतो.

गणपती झाल्यावर केस गळून गडीच्या कानांच्या कडा उघड्या पडल्या. मग कोपरं, मग पोट. कातडी जाड, राखाडी झाली आणि अंगाला ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. शेवटी एका शनिवारी रिक्षा करून त्याला रत्नागिरीला डॉक्टरकडे नेलं. रिक्षावाल्यानं सीटवर आधी प्लॅस्टिक अंथरलं, मग त्यावर आणखी एक प्लॅस्टिक अंथरलं, आणि वाटभर नाकाला रुमाल लावून गाडी चालवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरकडे पाहते तर सगळे आमचेच भाऊबंद. फ्लॅटमधली दोन गुबगुबीत पॉमेरेनियन पाठीवर टक्कल घेऊन बसलेली. मिरकरवाड्यातल्या कुण्या ट्रॉलरमालकाचा लॅब्रेडॉर, त्याच्या कानातून घाण वाहत होती. एक बाई मांडीवरच्या पिल्लाचे पंजे धरून बसली होती, कारण सोडले की ते स्वतःला ओरबाडत होतं. डॉक्टरांनी गडीची कातडी पात्यानं खरवडली, काचेवर घेऊन पाहिली आणि म्हणाले, "आपल्या या दमट हवेत हे फारच कॉमन आहे. पावसाळ्यानंतर माझ्याकडे येतात ती बहुतेक कातडीचीच. पण याचे किडे कातडीच्या आत आहेत. दर आठवड्याला आणा. बरा दिसला तरी मी सांगेपर्यंत सोडू नका."

मी एवढ्यातला 'कॉमन' तेवढा घरी आणला. जे सगळ्यांनाच होतं त्याला आपण आजार म्हणतच नाही. दोन आठवडे नेलं. कानावर मऊ लव दिसायला लागली. तिसऱ्या शनिवारी ऑफिसचं काम निघालं, चौथ्या शनिवारी रिक्षावाल्यानं फोन उचलला नाही, आणि पाचव्या शनिवारचं कारण मला आज आठवतही नाही. बाबा एकदा म्हणाले, "बाय, गडीला न्यायचा होता ना?" मी म्हटलं, "बाबा, नुसती खाज आहे ती. खाजेनं कुणी मरत नाही."

दिवाळीनंतर लव गेली आणि मागोमाग उरलेले केसही गेले. आता तो खाजवत नव्हता, भिंतीला अंग घासत होता. भिंतीवर त्याच्या उंचीचा तांबूस पट्टा उमटला. मी तो एकदा पुसला, दोनदा पुसला, मग पुसायचं सोडून दिलं. बागेत तो मध्येच बसायला लागला. बाबा दहा पावलं पुढे जाऊन एकटेच गवतात उभे राहायचे.

मार्गशीर्षात कलमांना पालवी फुटली आणि फवारणीचं औषध घरात आलं. आमच्याकडे या औषधावर सगळ्यांची फार श्रद्धा. मोहरावरचा तुडतुडा मारतं ते मुंग्या मारतं, ढेकूण मारतं, काहीही मारतं. एका दुपारी ऑफिसात बाबांचा फोन आला. "अगो, ह्येच्या अंगाला आता गोचीडपन दिसतायत. आंब्यावर मारतो ता औषद लावू काय? डाक्टरला इचार आनि सांग."

माझ्यासमोर साहेब उभे होते. मी "विचारते" म्हटलं. अर्ध्या तासानं पुन्हा फोन. "इचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. म्हटलं, "हो, विचारलं. चालेल म्हणाले. पातळ करून लावा." आणि फोन ठेवला. मला वाटलं, बाबा खूश, काम संपलं.

संध्याकाळी आले तेव्हा अंगणात औषधाचा उग्र दर्प होता. गडी बाकाखाली पडला होता. तोंडातून लाळेच्या तारा, अंगभर थरथर, चारही पाय ताठ. स्वतःला चाटला होता, दुसरं काय करणार तो? बाबा त्याच्यावर कळशीमागून कळशी पाणी ओतत होते. मी डॉक्टरांना खरोखरचा फोन लावला. ते ओरडलेच, "फवारणीचं औषध? कुणी सांगितलं तुम्हाला?" मी फोन ठेवून रिक्षा बोलावली. रिक्षा दारात आली तेव्हा थरथर थांबली होती. आपण उशिरा आलो, हे रिक्षावाल्याला आमच्या आधी कळलं.

त्यानंतर बाबा एकच गोष्ट घोकत राहिले. "माजा डोळा धूसर. पानी कमी पडला असंल. माज्या हातून घट्ट झाला." मी म्हणायचे, "बाबा, जेवून घ्या." बागेत जाणं त्यांनी बंद केलं. दिवसभर पडवीत बसून ते उजव्या हाताचा तळवा बघत बसायचे.

मग परवा शेजारची वहिनी आली. तिच्या कुत्र्याचे कान उघडे पडले होते. बाबा तिला समजावत होते, "डाक्टर चालंल म्हनालाय. पन माज्यासारका घट्ट नको करू. भरपूर पातळ कर." ती मान डोलावत निघाली.

मी आतून धावत आले. "वहिनी, थांबा. लावू नका. डॉक्टर तसं म्हणालेच नव्हते. मी त्यांना फोनच केला नव्हता. बाबांना मी खोटं सांगितलं होतं."

वहिनी फाटकापाशी तशीच उभी राहिली. बाबा चिडतील, हात उगारतील असं मला वाटलं, आणि उगारावा असंही वाटलं. त्यांनी आपल्या उजव्या हाताचा तळवा पाहिला. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला, सुटका झाल्यासारखा, आणि मला तेच सहन झालं नाही.

"म्हंजे," ते म्हणाले, "मी घट्ट केला नव्हता."