टापूवरचं सहावं ब्राऊन

धारहून फोन आला तेव्हा मी नानांची चादर बदलत होते. नाना म्हणजे माझे वडील, वय नव्वद. देवासला माझ्याकडे असतात. मी फॅक्टरीच्या ऑफिसातून रिटायर झाले तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, माझं बाहेर पडणं औषधाचं दुकान आणि भाजीवाला एवढंच. फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "दीदी, अपने टापू के गोल्फ का उत्सव कर रहे हैं. बाबूजी का सम्मान है, शाल-श्रीफल सब."

मला आधी वैतागच आला. नव्वदीच्या माणसाला गाडीत घालून धारला न्यायचं म्हणजे काय दिव्य असतं, हे शाल आणणाऱ्यांना काय कळणार! पण नाना उशीवरून उठून बसले. म्हणाले, "शाल नको म्हणावं. सहावं ब्राऊन आहे का, तेवढं विचार."

धारबाहेरच्या एका तळ्यात हा टापू आहे, दहा मिनिटांत चालून संपेल एवढा. संस्थानच्या काळात अधिकाऱ्यांनी तिथे सहा होलचं गोल्फ मांडलं. संस्थान गेलं, पण संध्याकाळी काठ्या घेऊन बंधाऱ्यावरून जाणारे साहेब काही गेले नाहीत. गोल्फ म्हटलं की लोकांना हिरवळ आठवते. आमच्या टापूवर वैशाखात गवताची काडी जगत नसे. म्हणून प्रत्येक भोकाभोवती वाळूचं गोल अंगण असायचं, जळकं ऑइल पाजलेली काळपट वाळू, चेंडू सरळ घरंगळावा म्हणून. त्याला म्हणायचे ब्राऊन. ऑइल धामनोदच्या ट्रकवाल्यांच्या गॅरेजमधून डब्यांनी यायचं. नाना दिवसा कचेरीत कारकून, आणि संध्याकाळी ही सहा ब्राऊनं त्यांच्या ताब्यात. "साहेब खेळतात तिकडे आणि तेल माझ्या मोरीत," असं आई रोज म्हणायची आणि रोज त्यांचे सदरे घासायची.

टापूचा एक दंडक होता. खेळ झाला की दांडीला बांधलेलं गोणपाट मधून कडेपर्यंत गोल गोल ओढत यायचं, आपली पावलं आपणच पुसून बाहेर पडायचं. मग कलेक्टर असो की डॉक्टर. एकदा एक बडे साहेब तसेच निघाले, तर नानांनी त्यांना हाक मारून परत बोलावलं. एका कारकुनानं! आई आठवडाभर बदलीच्या हुकमाची वाट बघत होती. हुकूम काही आला नाही.

सहावं ब्राऊन त्यांचं सगळ्यात लाडकं. "एकदा स्वतःच्या हातानं ओढून येतो, मग मी मोकळा," एवढंच त्यांचं म्हणणं. ट्रंकेच्या तळाशी ठेवलेलं गोणपाट त्यांनी मला दोनदा झटकायला लावलं.

मी धारला फोन लावला. म्हटलं, "भैया, और कुछ मत करना, बस छठा ब्राऊन रहने देना."

"अरे दीदी, टेंशन मत लो! सब ग्रीन करवा दिया है. नीचे सीमेंट, ऊपर मस्त कार्पेट!"

कपाळ माझं! सगळ्या वारशात अस्सल अशी एकच गोष्ट होती, ती ह्यांनी बरोबर शोधून गाडली.

नानांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर ते हट्टाला पेटले असते, मला आणखी दहा फोन करायला लावले असते, आणि मी थकले होते हो. पाठ धरलेली, झोप नाही धड. तिथे गेल्यावर बघू, म्हटलं. नव्वद वर्षांच्या माणसाला फसवतेय ह्याची लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा थकवा मोठा होता.

टापूवर मंडप, डीजे, हिंदीतलं भलंमोठं बॅनर. भाषणं तासभर चालली. त्यात राजे आले, साहेब आले, गोणपाटाचं कुणी नाव घेतलं नाही. शाल पांघरल्याबरोबर नाना उठले. "चल," म्हणाले.

सहाव्या भोकाभोवती हिरवंगार कार्पेट होतं, लग्नाच्या मांडवात असतं तसलं. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी चपला काढल्या, माझा हात धरून मधोमध गेले आणि गोणपाट ओढायला लागले. गोल गोल, थांबत थांबत, पार कडेपर्यंत. कार्पेटवर पाऊल उमटतच नव्हतं, पुसणार काय? "वाह बाबूजी! अरे भिया, वीडियो बना!" लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी मेल्याहून मेल्यासारखी उभी होते.

परतताना इंदूरचा बायपास लागला. शेवटी मलाच राहवेना.

"नाना, कार्पेट घातलंय ते मला आधीच ठाऊक होतं."

"मलाही," नाना म्हणाले. "तुझा फोन स्पीकरवर असतो. मला ऐकू येत नाही म्हणून मोठा करून ठेवतेस ना."

माझं डोकंच सटकलं. "मग आलात कशाला? एवढी दगदग! ते उगाच ओढत बसलात!"

नाना शालीची घडी घालत होते. सावकाश, कोपऱ्याला कोपरा लावून.

"तीन वर्षांत तू देवासबाहेर पडली नाहीस," ते म्हणाले. "मी जायचंय म्हटलं नसतं, तर निघाली असतीस का?"