लाल बटणावरच्या दोन खाचा

तुमच्या मळ्यातल्या पंपाच्या स्टार्टरवर दोन बटणं असतात, एक हिरवं आणि एक लाल. आता रंग बाजूला ठेवून सांगा, बंद करायचं बटण कोणतं हे तुमच्या बोटाला कसं कळतं?

मला हा प्रश्न कधी पडला नव्हता, आणि मी तर प्रश्न विचारणाऱ्यांच्या घरातली. निपाणीत वडिलांचा छोटा ट्रेडल छापखाना होता. विडी कामगारांची, तंबाखूच्या शेतकऱ्यांची, सीमाप्रश्नाची पत्रकं तिथं छापली जायची. अक्षरं मी आधी छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवर शिकले, म्हणजे उलटी, आणि सुलटी नंतर शाळेत. पत्रकात दोनच बाजू असतात, आमची आणि चुकीची. जग तसंच असतं असं मी कॉलेजला जाईपर्यंत मानत होते. खरं सांगायचं तर कॉलेजात गेल्यावरही.

कॉलेजसाठी मी बेळगावला मावशीकडं अनगोळला, तिच्या मुलींबरोबर राहायला आले. मावशीचे यजमान, म्हणजे आप्पा, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या मशीन शॉपमध्ये टर्नर होते. माणूस शांत. लेथवर लोखंडाचा केस काढावा इतका बारीक हात. घरी मात्र मावशीची रोजची बोलणी खायचे, कारण बाजारातून टोमॅटो आणले की निम्मे हिरवे. "पैसं देऊन दगडं आणत्यात," मावशी म्हणायची. आप्पा हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा हिरवे आणायचे.

त्यांनी सात वर्षं खपून आगगाडीचं एक छोटं इंजिन बनवलं होतं. दीड हात लांब, काळंभोर, तांब्याच्या बॉयलरचं, खरोखर वाफेवर चालणारं. कोळशाऐवजी खाली स्पिरिटचा दिवा, पाणी इंजेक्शनच्या पिचकारीनं भरायचं. परसात लोखंडी पट्ट्यांचा गोल रूळ होता. दहा मिनिटांत वाफ धरायची आणि इंजिन असं सुटायचं की कोंबड्या भिंतीवर. अडचण एकच होती. वाफेची चावी इंजिनाच्या पाठीवर. वेग कमी करायचा तर वाकून, शेजारून पळत, तापलेल्या चावीला हात घालावा लागे. साठीला टेकलेले आप्पा तसे पळायचे आणि संध्याकाळी मावशी त्यांच्या बोटांना खोबरेल लावायची.

"पळवायला कोण बी पळवंल गं," ते म्हणायचे. "थांबवतोय त्यो ड्रायव्हर."

यामागं एक गोष्ट होती. तरुणपणी आप्पा मीटरगेज रेल्वेच्या लोको शेडमध्ये क्लीनर होते. तेलकट चिंध्यांनी इंजिनं पुसायची. क्लीनरचा फायरमन व्हायचा, फायरमनचा पुढं ड्रायव्हर. आप्पांची शिडी पहिल्याच पायरीला तुटली. का, असं विचारलं की एकच उत्तर, "सायबाचं नि माझं वाकडं आलं." एवढंच. मला तेवढं पुरलं. रिकाम्या जागा भरायची आमच्या घराण्याला सवयच होती.

ती चावी दुरूनच, रेडिओनं फिरवायचं मनावर मी घेतलं. टिळकवाडीत हवाई दलातून निवृत्त झालेले एक वायरलेस मास्तर राहायचे. कानडी माणूस, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. ते रेडिओवर चालणारी लाकडी विमानं उडवायचे, त्यासाठीचा परवान्याचा कागद त्यांनी काचेत मढवून भिंतीला लावला होता. त्या काळी घरातला रेडिओ ऐकायलासुद्धा पोस्टातून लायसन काढावं लागे. सीमेवर पत्रकं छापणाऱ्याच्या मुलीनं ट्रान्समीटरला हात लावायचा, तर आधी तो कागद पाहिलेला बरा.

मास्तरांनी जुना संच दिला. काम सोपं वाटत होतं. इंजिनामागच्या पाण्याच्या डब्यात रिसीव्हर आणि एक चिमुकली मोटार बसवायची, आणि मोटारीनं लांब काडीतून वाफेची चावी फिरवायची. हातातल्या खोक्याच्या झाकणावर दोन बटणं, एकानं चावी उघडायची, दुसऱ्यानं मिटायची. प्रत्यक्षात तीन महिने गेले. आधी मोटारीच्या ठिणग्यांनी रिसीव्हरच पिसाळला आणि चावी आपोआप उघडमीट करू लागली. ते मास्तरांनी निस्तरलं. मग प्लॅस्टिकचं दातेरी चाक उष्णतेनं मेणासारखं वाकलं. आप्पांनी एका दुपारी पितळेचं कातून दिलं. मग तेलाचे आणि पाण्याचे थेंब रिसीव्हरवर उडायला लागले, तेव्हा मावशीनं स्वतःची साबणाची डबी आणून दिली. "एवढंच राह्यलं हुतं," ती म्हणाली. रिसीव्हर डबीत इतका छान बसला की जणू तिच्यासाठीच जन्मला होता.

तारा जोडायचं काम मात्र आप्पा कधी घ्यायचे नाहीत. "लाल तार हितं, हिरवी तितं," मास्तर सांगायचे आणि आप्पा खुर्ची माझ्याकडं सरकवायचे. "ते बारीक काम पोरीच्या नजरंचं." केसाएवढं लोखंड काढणारा माणूस हे म्हणतोय, याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

भांडण झालं ते बटणांवरून. मास्तरांना सवयीनं इंग्रजी अक्षरं हवी होती. मी म्हटलं, चालणार नाही, मराठीच पाहिजे. मास्तर थंडपणे म्हणाले, मग कानडी का नको? फाउंड्रीत निम्मी माणसं कानडी बोलतात. यावर मी अर्धा तास बोलले. कोणत्या दुकानाच्या पाटीवर कोणती अक्षरं वर, यावरून आमच्याकडं दगड पडलेले. खोक्यावरची पाटी कशी सोडणार?

"मला वाचाय येतंय," आप्पा मधेच म्हणाले, "खरं घाईत कोण वाचतंय?" आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.

शेवटी तोडगा मीच काढला आणि त्याचा मला फार अभिमान वाटला. अक्षरंच नकोत. उघडायला हिरवं बटण, मिटायला लाल. रंग कुणाच्या बापाचा नाही, सगळ्या जगाला कळतो. मास्तरांनी मान डोलावली. आप्पांनी खोकं हातात घेतलं. मग विचारलं, "डावीकडं कंचं?" मी म्हटलं, हिरवं. "मग झालं," ते म्हणाले.

परसातली तालीम झकास झाली. पायरीवर बसून आप्पा इंजिन वळणावर हळू करायचे, सरळीत सोडायचे आणि विटांच्या फलाटाशी आणून उभं करायचे. पहिल्यांदा ते थांबलं तेव्हा ते उठून आत गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

खंडेनवमीला फाउंड्रीत हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी यंत्रं बंद, बायकापोरं आत, लेथना झेंडूच्या माळा, सगळ्यांना चुरमुरे. तिथं सर्वांसमोर इंजिन चालवायचं ठरलं. आप्पांनी दोस्तांना सांगून ठेवलं होतं, "फलाटावर चुन्याची रेघ मारा. रेघंवर थांबवतो." आयुष्यात एकदाच चारचौघांत ड्रायव्हर व्हायचं होतं त्यांना. मग मी कशी स्वस्थ बसणार? निपाणीला जाऊन मी पत्रक लिहिलं आणि वडिलांच्या मागं लागून पाचशे प्रती छापून आणल्या. मथळा, 'नाकारलेला ड्रायव्हर'. त्यात तो साहेब होता. सलाम ठोकला नाही म्हणून एका कष्टकऱ्याची शिडी ओढून घेणारा, खुर्ची आपल्या माणसाला देणारा. सगळं मी मनानं लिहिलं होतं. आप्पांना दाखवलं नव्हतं, त्यांना अचानक आनंद द्यायचा होता.

त्या दिवशी सकाळी मी खोक्यात नवे सेल घातले, झाकणाचे चार स्क्रू आवळले आणि पत्रकांचा गठ्ठा घेऊन निघाले. फाउंड्रीत पोहोचल्यावर निम्मी पत्रकं वाटूनही टाकली.

वाफ धरली. थंड सिलिंडरमध्ये पाणी साचतं, म्हणून सुरुवातीला चावी हातानं थोडी उघडून इंजिनाला ढकलावं लागे, ते काम माझं. इंजिन फुसफुसत निघालं. टाळ्या. एक फेरी संथपणे झाली. आप्पा स्टुलावर, खोकं पोटाशी. फलाट जवळ आला तसं त्यांनी उजवं बटण दाबलं.

इंजिनानं उडीच घेतली.

त्यांनी आणखी जोरात दाबलं. इंजिन आणखी सुटलं. "निल्स्री आप्पा, निल्स्री!" एक मोल्डर, वाळूचे साचे करणारा, कानडीत ओरडला, थांबवा म्हणून. "लाल दाबा, लाल!" सगळेच ओरडायला लागले. आप्पांनी खोकं माझ्याकडं वळवलं आणि अगदी हळू विचारलं, "ह्यातलं लाल कंचं गं?"

मी पाहिलं. झाकण मी उलटं बसवलं होतं. लाल बटण डावीकडं गेलं होतं, लखलखीत लाल, आंधळ्यालाही दिसावं असं. आणि आप्पा त्याच्याकडं बघून मला विचारत होते.

मी बोट लावेपर्यंत इंजिन वळणावर उधळलं, विटांवर आदळलं आणि आडवं झालं. सांडलेल्या स्पिरिटनं भपकन पेट घेतला. मोल्डरनं साच्याच्या वाळूचं फावडं ओतलं आणि आग विझली. कुणाला काही झालं नाही. झेंडूची एक माळ तेवढी करपली.

"आप्पा, ड्रायव्हर हाय का वैरी?"

"म्हाताऱ्याला लाल-हिरवं कळंना झालं काय रं!"

सगळे हसले. आप्पांचा चेहरा मी पाहिला आणि त्या एका क्षणात हिरवे टोमॅटो, तारा, सरकवलेली खुर्ची, सगळं माझ्यासमोर ओळीनं उभं राहिलं.

"माझी चूक!" मी सभेत ओरडते तशी ओरडले. "झाकण मी उलटं बसवलंय. बटणं बदलली."

"कॉलेजला जाती नि झाकण बसवाय येईना व्हय!" आता हसू माझ्याकडं वळलं. येऊ दे म्हटलं. चूक माझी होतीच.

लेथमागं इंजिनातली वाळू झाडताना आप्पा बोलले. शेडच्या साहेबानं डोळे तपासायला त्यांच्यापुढं रंगीत लोकरीच्या लडींचा ढीग ठेवला होता. हिरव्या काढ म्हणाला. आप्पांनी काढल्या. साहेबानं चुकलेल्या बाजूला ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. असं तीनदा. "तिसऱ्या खेपंला तर हिरवी लड हातानं जरा म्होरं सरकवली बघ त्यानं. तरी माझी चुकली." सिग्नल न कळणारा माणूस इंजिनावर चढवता येत नाही. साहेबानं त्यांना शेडमधल्या लेथवर लावलं. कातकाम तिथंच शिकले.

"मग वाकडं आलं म्हणून का सांगितलं?"

"डोळ्यात दोष हाय म्हणलं असतं तर पोरींना स्थळं आली असती?" मग माझ्या पिशवीकडं बोट दाखवलं. "त्यो कागद वाचला मी. देवमाणूस हुता गं त्यो."

मी म्हटलं, असा नसला तरी तसे साहेब पुष्कळ असतात.

"असत्यात की. म्हणून त्यांच्या गुन्ह्याला ह्याला फाशी?"

मी गठ्ठा तिथंच ठेवला आणि वाटलेली पत्रकं गोळा करायला निघाले. तोवर निम्म्या लोकांनी त्यावर चुरमुरे घेतले होते. "अगं बाई, खाऊ तरी दे!" म्हणत एकानं तोंडात बकाणा भरला आणि कागद परत केला. दुसरा मोठ्यानं वाचत होता, त्याच्या हातातून अक्षरशः ओढला. काही घरी गेलेच. त्यातलं एखादं तुमच्याकडं असेल तर त्यातला साहेब खोटा आहे.

परत आले तर आप्पा तिकोनी कानस घेऊन बसले होते. त्यांनी लाल बटणावर दोन खाचा पाडल्या, अंगठा फिरवून पाहिला, डोळे मिटून पुन्हा पाहिला. झाकण तसंच उलटं राहू दिलं. "आता कसं बी बसव," म्हणाले.

वाकलेली काडी सरळ केली, पुन्हा वाफ धरली. पहिल्या खेपेला इंजिन रेघेच्या वीतभर पुढं गेलं. दुसऱ्या खेपेला बरोबर रेघेवर थांबलं. त्या वेळी आप्पा खोक्याकडं बघतही नव्हते. मोल्डरनं त्यांना करपलेली माळ घातली.

घरी मावशीला सांगितलं तर ती भाकरी थापत म्हणाली, "मला लग्नाच्या दुसऱ्या म्हैन्यात कळलं. तांबडं लुगडं आणाय ह्ये गेलते, मेंदी रंगाचं घिऊन आलते. नेसले की मी." टोमॅटोवरून ती मुद्दाम ओरडायची, म्हणजे लोकांना तो स्वस्तातले कच्चे घेण्याचा चिक्कूपणा वाटेल. निपाणीला गेल्यावर वडील एवढंच म्हणाले की मजकूर ज्याच्याबद्दल, त्याला आधी दाखवायचा असतो. ते इतकी वर्षं दाखवत आले होते, मीच कधी पाहिलं नव्हतं.

आता आप्पांच्या मुलींची लग्नं झाली आहेत. लिहू का, असं विचारलं तर आप्पा म्हणाले, "नाव घालू नको. खरं खाचांचं लिही."

म्हणून लिहिते आहे. आज घरी गेलात की मेन स्विच बंद करा, कानस घ्या आणि स्टार्टरच्या लाल बटणावर दोन खाचा पाडा, बोटाला लागतील एवढ्या. घरात कुणाला गरज आहे का, असं मात्र विचारू नका. विचारलं की माणूस नाही म्हणतो. नुसत्या पाडून ठेवा.