पाणकोंबड्यांचा नववा गडी

प्रदीप ओव्हाळला इंदुरीत दोन प्रकारचे लोक ओळखतात. ज्यांच्या पोरांना त्याने बेसबॉलच्या नादी लावलं ते, आणि ज्यांच्या पोरांना तो अजून लावू बघतोय ते. दोघंही त्याला पाहिलं की रस्ता बदलतात. मी बदलत नाही, कारण टेम्पो माझा आहे आणि तो त्याला सारखा लागतो. शिवाय मी कित्येक वर्षं त्याचा कॅचर होतो. तो चेंडू फेकायचा आणि मी उकिडवा बसून झेलायचा. माझ्या उजव्या हाताची करंगळी आजही सरळ होत नाही आणि त्याबद्दल या गृहस्थाने एकदाही वाईट वाटल्याचं म्हटलेलं नाही.

पोटापाण्याला तो तळेगावच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. शाळेत आम्हाला गोरख सर होते, ते कुठल्याशा शिबिराला जाऊन हा खेळ शिकून आले होते. बाकीच्या पोरांचा खेळ शाळेबरोबर सुटला, प्रदीपदाचा सुटला नाही. तरी इथवर ठीक होतं. पुढे कंपनीत अमेरिकेहून एक इंजिनियर आला आणि सगळं बिघडलं. तो ओहायोतल्या टोलेडो नावाच्या शहराचा. त्याने सांगितलं, आमच्याकडे शंभर वर्षांपासून बेसबॉल चाललाय. पूर्वी मैदान दलदलीच्या कडेला होतं, तिथे पाणकोंबड्या फिरायच्या, म्हणून लोक संघालाच पाणकोंबड्या म्हणायला लागले आणि तेच नाव आजतागायत आहे.

प्रदीपदा पाळी संपवून घरी न जाता थेट माझ्या दारात आला. म्हणाला, "निल्या, पाणकोंबड्या आपल्या इंद्रायणीत बी हायेत की." झालं. आमच्या संघाच्या छातीवर पाणकोंबडी आली. जत्रेत सत्काराला आमचं नाव पुकारलं की बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसायच्या. याला त्याचं काही नाही. मोबाईलवर वाचून वाचून त्याने त्या टोलेडोचा सगळा इतिहास पाठ केला. मैदान कधी बदललं, कोण कधी गाजलं, सगळं. त्यातली एकच गोष्ट त्याच्या मनाला लागली होती. मध्ये एकदा त्या गावातून संघच निघून गेला आणि नऊ वर्षं गावाला संघ नव्हता.

"नऊ वर्षं, निल्या," तो म्हणायचा. "रविवारी लोकं करीत काय असतील? त्यांचं गाव मोठं, त्यांचा परत आला. आपला एकदा गेला तर कोण आणतंय परत?"

ही भीती खोटी नव्हती. गेल्या मोसमात आमच्यावर दोन वेळा सामना न खेळताच हरायची पाळी आली. एकदा बैलगाडा शर्यत होती, अर्धा संघ घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाड्याच्या मागे पळत होता. दुसऱ्यांदा सुदुंबऱ्याला लग्न होतं आणि आमचे तीन गडी नवरदेवाच्या वरातीत नाचत होते. मैदानावर नऊ जण उभे राहिले नाहीत की सामना गेला, आणि असं तिसऱ्यांदा झालं की संघाचं नाव जिल्ह्यातून कायमचं कमी होतं, असा संघटनेचा नियम आहे. प्रदीपदाने डोक्यावर हात ठेवून नऊ पोरांकडून शपथा घेतल्या. दहावा गडी त्याला मिळालाच नाही. पोरं कंपन्यांत जातात, रविवारी झोपतात, नाहीतर लोणावळ्यात पर्यटकांच्या गाड्या लावून देतात.

त्या नऊ जणांत एकच खरा खेळाडू होता, अमृत शेळके. असा फेकीचा हात अख्ख्या मावळात दुसरा नाही, आणि हे मी माझ्या करंगळीला स्मरून सांगतो. प्रदीपदाने त्याला सातवीत हेरला होता. गावातल्या मोठ्या शेतकरी घरातलं पोर, ओव्हाळाच्या मागे मागे चेंडू फेकत हिंडतं, हे कितीतरी जणांना रुचलं नव्हतं. अमृतचे आजोबा दत्तोबा मात्र कधी आडवे आले नाहीत. फक्त नातवाचं कोपर सुजलं की ते स्वतः तेल गरम करून चोळायचे आणि चोळताना म्हणायचे, "सोड रं ह्यो खेळ. हात गेला तर काय खाशील?"

लोणावळ्याचा सामना ठरला आणि दत्तोबा वारले. त्यांचा दहावा नेमका त्याच रविवारी आला.

प्रदीपदाच्या तोंडचं पाणी पळालं. तरी त्याने हिशेब मांडला. दहावा सकाळी लवकर, नदीच्या घाटावर. कावळा शिवला की अमृत मोकळा. टेम्पोने लोणावळा तासाभराचा. सामना दहाला. आठ पोरं गणवेश घालून टेम्पोत बसवली, टेम्पोचं तोंड हमरस्त्याकडे करून ठेवायला लावलं, आणि आम्ही दोघं घाटावर जाऊन उभे राहिलो.

आमच्याकडचा दहावा म्हणजे काय ते सांगायला हवं. पाचशे माणूस सहज जमतं. महाराजांचं प्रवचन होतं, मग ज्याला ज्याला पुढे निवडणूक लढवायची असते तो प्रत्येक जण माईक धरून श्रद्धांजली वाहतो. दत्तोबा भला माणूस होता, त्यामुळे वाहणारे पुष्कळ होते. आणि तिकडे नदीच्या काठाला पिंड मांडून ठेवलेला, शेजारी उंबरावर कावळे बसलेले, आणि एकही खाली उतरत नव्हता.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकला, असं धरतात. मग घरातले एकेक गोष्ट कबूल करत जातात. अमृतचे चुलते श्रीपती टक्कल करून, ओलेत्याने पिंडासमोर हात जोडून उभे होते. ते म्हणाले, तुमच्या नातीचं, माधवीचं लग्न थाटात करू. कावळा जागचा हलला नाही. विहिरीची वाटणी भांडण न करता करू म्हणाले. नाही. कुणीतरी पिंडाशेजारी भजी ठेवली, कुणी तंबाखू. दत्तोबांचा चष्मासुद्धा आणून ठेवला. कावळे वरूनच बघत होते.

ओव्हाळांच्या घरातून हे सगळं छप्पन्न सालीच गेलं. कावळा म्हणजे नुसता पक्षी, हे प्रदीपदा जन्मल्यापासून ऐकत आलाय. पण त्या सकाळी त्या उंबराकडे त्याच्याइतक्या आशेने कुणीच बघत नव्हतं. घड्याळ बघायचा, कावळा बघायचा, परत घड्याळ. शेवटी त्याने भटजींना हळूच विचारलं, दर्भाचा कावळा करून शिववतात ना? भटजींची तयारी होती. श्रीपतींनी मान हलवली. "माझा बाप हाय. खराच कावळा पायजे."

तेव्हा प्रदीपदाचा धीर सुटला. गर्दीतून वाट काढत तो अमृतपाशी गेला. मी मागेच होतो. अमृतचंही डोकं भादरलेलं, पोर आधीच रडून सुजलेलं. प्रदीपदा त्याच्या कानाशी लागला, "अमृता, काय म्हणत्यात ते कबूल कर आन् मोकळा हो. कायबी कबूल कर. वेळ न्हाई बाबा."

सरुबाई, दत्तोबांची बायको, शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. त्या बाईच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. त्या म्हणाल्या, "त्यास्नी ह्याच्या हाताची लय काळजी व्हती. जाताना बी त्येच म्हणत व्हते."

सगळे गप्प झाले. माईकवरचा माणूससुद्धा थांबला. श्रीपतींनी अमृतकडे पाहिलं. अमृतने प्रदीपदाकडे पाहिलं. आणि आमचा हा शहाणा, ज्याने आयुष्यभर त्या हाताची राखण केली, तो तोंड उघडून एक शब्द बोलू शकला नाही. बोलणार काय? आत्ताच तर सांगितलं होतं, कायबी कबूल कर.

अमृत पुढे झाला, हात जोडले. "आबा, मी खेळ सोडला. परत खेळणार न्हाई."

कावळा आला. लगेच आला, दोन आले. पोटात भूक असेल, गर्दी शांत झाली म्हणून उतरले असतील, काय ते त्यांनाच ठाऊक. लोकांनी हात जोडले, सरुबाईंनी पदरात तोंड लपवलं. मला त्या कावळ्यांचा असा राग आला की दगड उचलून मारावा वाटलं. भर दहाव्यात तसं करता येत नाही.

टेम्पोकडे येताना प्रदीपदा चालत नव्हता, मी त्याला धरून आणत होतो. म्हटलं, अमृतला सांग ना, आजच्या दिवस खेळ, उद्यापासून सोड. तो म्हणाला, "पाचशे माणसांत आज्याला शब्द दिलाय त्यानं. मी कुठल्या तोंडानं सांगू?" मग टेम्पो कशाला न्यायचा, असं विचारलं तर म्हणाला, आठ तर आठ, हजर तरी राहू. एवढी वर्षं त्याच्याबरोबर काढली, पण त्याचा चेहरा इतका मेलेला मी कधी पाहिला नव्हता.

रविवारचं लोणावळा. चिक्कीच्या दुकानांसमोर मोटारी आडव्यातिडव्या, भुशी धरणाकडे जाणारी रांग मुंगीच्या चालीने. मी हॉर्न वाजवून हैराण. पोचलो तेव्हा समोरचा संघ मैदानावर सराव करत होता आणि पंच आमची वाट बघत होते. पंचांनी मोजलं. आठ. प्रदीपदा म्हणाला, मी उतरतो. त्याचं नाव यादीत प्रशिक्षक म्हणून होतं, खेळाडू म्हणून नव्हतं, आणि माझं तर यादीतच नव्हतं. तो पंचांच्या हातापाया पडायचा तेवढा बाकी राहिला. पंच भले होते. म्हणाले, पंधरा मिनिटं थांबतो, त्यापुढे माझ्या हातात नाही.

प्रदीपदा मैदानाच्या कडेला खाली बसला आणि गवत उपटत राहिला. मी शेजारी बसलो.

पंच सामना गेल्याचं सांगायला हात वर करतायत तोवर फाटकातून मोटारसायकल आत आली. तासलेलं डोकं, अंगात पाणकोंबडीचा शर्ट. अमृत. आमची पोरं ओरडत धावली, पण त्याने हातानेच थांबवलं आणि सरळ प्रदीपदासमोर येऊन उभा राहिला.

"दादा, खेळणार न्हाई. शब्द दिलाय. पण नऊ उभं ऱ्हायला लागत्यात ना? मी उभा ऱ्हातो. चेंडूला हात लावणार न्हाई. बॅट धरायला लागली तर धरीन, फिरवणार न्हाई."

पंचांनी नियम आठवून पाहिला. नऊ गडी मैदानात हवेत, एवढंच त्यात होतं. त्यांनी काय करावं हे कुठल्याच नियमात नव्हतं.

सामना झाला. आमची पार धूळधाण झाली. अमृतच्या जागी समर्थ नावाचं नवखं पोर फेकायला उभं केलं, त्याला समोरच्या संघाने चोपून काढलं. अमृत लांब उजवीकडे, हात पाठीमागे बांधून उभा. त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही, मग ते मुद्दाम तिकडेच मारायला लागले. प्रत्येक वेळी दुसरं पोर ऊर फुटेस्तोवर धावत जायचं.

शेवटाकडे एक चेंडू उंच उडाला आणि सरळ अमृतच्या डोक्यावर उतरायला लागला. त्याला एक पाऊलसुद्धा हलायचं नव्हतं, नुसते हात वर करायचे होते. त्याचे खांदे उचलले गेले, मला कडेवरून दिसले. पण पाठीमागे एका हाताने दुसरा हात घट्ट धरला होता, तो त्याने सोडला नाही. चेंडू त्याच्या पायाशी पडला. तो खाली बघत राहिला.

संघ राहिला. नाव कमी झालं नाही, पुढच्या मोसमाचं पत्रक आमच्या नावाने येईल. पोरं येऊन प्रदीपदाला म्हणाली, दादा, वाचलो. त्याने मान हलवली. तो अमृतकडे बघत होता आणि लहान पोरासारखा रडत होता.

"निल्या," तो म्हणाला, "ह्ये मी बोललो त्याला. कायबी कबूल कर, म्हणालो."