सुचेताताईंच्या जोडरेघा

कौस्तुभला दोनदा आलेली कुठलीही गोष्ट सहन होत नसे. काशीगावात फ्लेक्सच्या दुकानात असताना त्याच्या हातून एका बोर्डावर ‘हार्दिक हार्दिक शुभेच्छा’ छापून गेलं होतं, आणि वाढदिवसवाल्याच्या मित्रमंडळाने त्याला शटरला टेकवून जे काही समजावलं, ते त्याच्या हाडीमासी मुरलं होतं. त्यामुळे खारीगावातल्या टाइपसेटिंगच्या ऑफिसात लागून आठवडा होतो न होतो तोच त्याने सुचेताताईंची फाइल उघडली, आणि त्याचे डोळे पांढरे झाले. रसायनशास्त्राचं जाडजूड पुस्तक, आणि जिथे बघावं तिथे रेघेला चिकटून दुसरी रेघ. अवतरणचिन्हांचीही तीच गत.

ताई जेवायला गेल्या होत्या. त्यांच्या कीबोर्डावरची अक्षरं पार पुसलेली, आणि रेघेच्या कळीवर चक्क कपाळाची टिकली चिकटवलेली. ‘डिंकाने कळ अडकतेय बाईंची,’ कौस्तुभने निदान केलं. पुण्यकर्माला परवानगी कसली? एका फटक्यात त्याने सगळ्या जोड्या फोडून एकेरी केल्या आणि फाइल सेव्ह करून बंद केली. फाइलशेजारी त्याच पुस्तकाची आणखी एक प्रत दिसली, तीही ‘डबल’ म्हणून कायमची उडवली.

सुचेताताई हात पुसत परत आल्या तेव्हा तो शाबासकीच्या तयारीतच उभा होता.

“अरे, हे फ्लेक्स नव्हे,” सगळं ऐकून ताई खुर्चीत बसत म्हणाल्या. “इथे पान डोळ्यांनी मांडत नाहीत, खुणांनी सांगतात. एक रेघ शब्द जोडते. दोन टाकल्या की छापताना आकड्यांमधली लांब रेघ होते. तीन टाकल्या की वाक्य तोडणारी, आणखी लांब. अवतरणचिन्हांचंही तसंच. मशीनला कळतं ते. तुला विचारलं होतं कुणी?”

“मग परत डबल करतो ना ताई! एका सेकंदात.”

“सगळ्याच? रसायनांच्या नावांत मुळातच एकेक असते, तिचं काय करशील?”

एकेक रेघ वाचून, ही कुठली ते ठरवत, अख्खं पुस्तक चाळायचं होतं. छापखाना थांबलेला.

“तू वाच,” ताई म्हणाल्या. “मी सांगते.”

शिक्षा म्हणून त्याने मान्य केलं. पण कौस्तुभ वाचतो म्हणजे फ्लेक्सच्या मशीनच्या घरघरीवर मात करत वाचतो. “दहा, रेघ, वीस!” तो गरजला. “दोन कर. आणि हळू,” ताई पुटपुटल्या. “इथे रेघ कसली, ताई? तुम्हीच बघा ना, ही काय समोर!”

ताईंनी बघितलं. पडद्याला नाक लागेपर्यंत पुढे झुकल्या, मान आधी डावीकडे कलवली, मग उजवीकडे. बोट रेघेवर ठेवायला गेलं आणि खालच्या ओळीवर टेकलं.

कौस्तुभचा आवाज जन्मात पहिल्यांदा आपसूक उतरला. “ताई, दिसत नाहीये तुम्हाला?”

“साखरेने पडदा खाल्लाय डोळ्यांचा. दोन वर्षं झाली. टंकताना डोळे लागतात कशाला? मजकूर लेखकाने बोलून पाठवलेला, तो कानाने ऐकायचा. टिकली बोटाला लागली की रेघ. दोनदा दाबली की दोन. चुकत नव्हते मी.” मग म्हणाल्या, “घरी भाजीसुद्धा सून चिरू देत नाही. या खुर्चीत मला कुणी लागत नव्हतं. बोलू नकोस कुठे.”

“आईशप्पथ नाही बोलणार, ताई!” कौस्तुभला भरून आलं, आणि भरून आलं की त्याचा आवाज चढतो. “तुम्हाला दिसत नाही ना, मी आहे! मी वाचतो अख्खं पुस्तक!”

काचेच्या केबिनचं दार उघडलं. मालक जयकुमारभाई चष्मा हातात घेऊन दारात उभे होते. माणूस वाईट नव्हता; ओरडला असता तर बरं झालं असतं.

“सुचेताबेन, पहले बोलना था ना,” ते इतक्या प्रेमाने म्हणाले की बाकीच्यांनी माना खाली घातल्या. “अब आराम करो घर पे. ये किताब कौस्तुभ कर लेगा.”

“कौस्तुभ?” ताई म्हणाल्या. एवढंच.

त्यांनी कीबोर्डाची वायर काढली. तो घरून आणलेला, त्यांचाच होता. टिकली अंगठ्याने एकदा नीट दाबली. एका काखेत कीबोर्ड, दुसऱ्या हातात डबा आणि पिशवी. कौस्तुभ काहीतरी उचलायला धावला तर त्यांनी त्याला कोपराने बाजूला सारलं. ऑफिसात कुणी मान वर केली नाही.

जिन्यातला बल्ब गेलेला होता. रोज कठडा धरून उतरणाऱ्या ताई वरच्या टोकाशी येऊन थांबल्या. दोन्ही हात भरलेले. कौस्तुभ मागे उभा, आणि आता आवाज कितीही खाली आणला तरी उपयोग नव्हता.

“ताई, माझा राग आला असेल ना?”

“रागाचं नंतर बघू, आधी पायरी कुठे आहे ते सांग.”