खालची ओळ

आमच्या घरात कागद खालून वाचायची रीत आहे. बाबा चंद्रपुरातल्या एका छापखान्यात मशीनवर होते. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, पावतीपुस्तकं सगळं छापायचे, पण घरी यायची ती पत्रकं. ऑक्टोबरात दीक्षाभूमीच्या गर्दीत वाटलेली, खाणीच्या फाटकावर वाटलेली, वसतिगृहाच्या भिंतीसाठी राखून ठेवलेली. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. कोणतंही पत्रक हातात आलं की बाबा आधी तळाची बारीक ओळ बघायचे. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, पत्ता कुठला. ती ओळ नसली तर मजकूर कितीही गोड असो, कागद चुलीजवळ जायचा.

"ज्याले आपलं नाव सांगाची लाज वाटते, त्याचं आपुन काऊन वाचाव?" असं ते म्हणायचे.

दुसरीत असताना मी मैत्रिणीला वाढदिवसाचं भेटकार्ड करून दिलं, त्याच्याही तळाशी प्रकाशक म्हणून माझं आणि मुद्रक म्हणून बाबांचं नाव पत्त्यासकट घातलं होतं. वर्ग हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे मला अजूनही नीटसं कळलेलं नाही.

पुढे मी परीक्षांच्या तयारीसाठी गडचिरोलीला आले. दिवसा अभ्यासिकेत बसायचं, जमेल तसं लिहायचं, आणि राहायला बसस्टँडमागची एक खोली. त्या खोलीत माझ्यासोबत एक माडिया मुलगी होती. तिचं गाव एटापल्लीच्या पुढे, जिथं एसटी दिवसातून एकदा जाते आणि नाल्याला पूर असला की तीही जात नाही. नर्सिंग शिकून ती सरकारी जागेची वाट बघत होती. जागा तिला कुठलीही नको होती, तिच्या गावाजवळच्या उपकेंद्रातलीच पाहिजे होती. तिथं येणाऱ्या नर्सबाईंना माडिया यायची नाही आणि गावातल्या बायकांना मराठी. तिची आई एकदा पाठ दुखते म्हणून उपकेंद्रात गेली आणि पोटाच्या गोळ्या घेऊन परतली. हे ती हसत सांगायची.

त्या वर्षी अभ्यासिकेत जंगल खात्याच्या भरतीची एक लिंक फिरली. मुलांनी भराभर जातीचे दाखले, आधार, सह्या, फोटो सगळं त्यावर चढवलं. आठ दिवसांत वेबसाइट गायब झाली, आणि ती कागदपत्रं कुठं गेली ते आजवर कुणाला कळलं नाही. मला राग आला तो मुख्यतः एका गोष्टीचा: एवढी शिकलेली मुलं, पण ही लिंक कुणी छापली असं एकानंही विचारलं नाही.

मग मी शोधत बसले तेव्हा कळलं की वेबसाइटलाही खालची ओळ असते. वेबसाइटचा पत्ता कुणीतरी विकत घेतलेला असतो आणि त्याची नोंद होते. तो कोणत्या दिवशी घेतला, कुणामार्फत घेतला, कधी संपणार, आणि मालकानं झाकलं नसेल तर त्याचं नाव, हे कुणालाही फुकट बघता येतं. मी ती गायब झालेली लिंक टाकून पाहिली. पत्ता घेऊन पुरता महिनाही झाला नव्हता. मालकाच्या नावाच्या जागी 'गोपनीयतेसाठी झाकले आहे' अशा अर्थाची ओळ होती. बाबांचा नियम संगणकात जसाच्या तसा सापडला म्हणून मला जो आनंद झाला, त्याची आज लाज वाटते.

मी पत्रक काढलं. 'नोंदणी बघा, मग अर्ज करा.' मजकूर माझा, छपाई बाबांच्या जुन्या छापखान्यातली, आणि तळाशी माझं पूर्ण नाव. बसस्टँडवर, अभ्यासिकेच्या दारावर, झेरॉक्सच्या दुकानांत मी ते स्वतः डकवलं. त्यानंतर मुलं माझ्याकडे लिंका घेऊन यायला लागली. मी नोंदणी बघायची आणि निकाल द्यायची. नवा पत्ता आणि झाकलेलं नाव म्हणजे खोटी. काहींच्या बाबतीत ते खरंही निघालं. अभ्यासिकेतला एक टवाळ मला 'तलाठीबाई' म्हणायचा. तलाठ्यासारखी मी प्रत्येकाचा सातबारा काढते म्हणून. मला ते नाव आवडलं होतं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला माझी सोबतीण फोन घेऊन आली. कंत्राटी नर्सच्या जागा निघाल्या होत्या आणि यादीत तिच्या गावाजवळचं उपकेंद्र होतं. एकच जागा. माडिया येणाऱ्या उमेदवाराला प्राधान्य, असंही लिहिलेलं होतं. तिनं फोन माझ्या हातात दिला. मी वेबसाइटचा पत्ता बघितला. सरकारी पत्त्याच्या शेवटी जी अक्षरं असतात ती नव्हती. नोंदणी बघितली. पत्ता तीनच आठवड्यांपूर्वी घेतलेला. नाव झाकलेलं.

खोटी आहे, असं मी तिला सांगितलं.

ती म्हणाली की तालुक्याच्या दवाखान्यातल्या मॅडमनीच ही लिंक पाठवली. मी म्हटलं, मॅडमलाही कुणीतरी पाठवलीच असेल. ती म्हणाली, माडियाचं कसं काय लिहिलं मग? मी म्हटलं, गळाला तसंच आमिष लावतात. या वाक्यावर मी खूश होते. पुढच्या पत्रकात घालावं असंही मनात आलं. तिनं फोन उलटा करून ठेवला.

मी तेवढ्यावर थांबले नाही. पत्रकाची दुसरी आवृत्ती काढली आणि त्यात ती वेबसाइट नावानिशी दिली. खाली परत माझं नाव.

ज्या कार्यालयाची ती भरती होती, ते आमच्या खोलीपासून चालत वीस मिनिटांवर आहे. मी रोज त्याच्यासमोरून जायचे. आत जाऊन विचारावं असं एकदाही मनात आलं नाही. माणसाला विचारायचं ते कागद गप्प असला तर. इथं माझ्या मते कागद बोलला होता.

अर्जाची मुदत गेली. दीड महिन्यानं त्या कार्यालयाच्या फलकावर निवडयादी लागली. ती सोबतिणीनंच पाहिली, तिच्या गावाजवळच्या जागेसमोर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका बाईचं नाव होतं. ती खोलीत आली, भांडी घासली, आणि पाठमोरी उभी राहूनच मला सांगितलं की लिंक खरी होती.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेले. भांडायलाच गेले होते. टेबलावरच्या कारकुनाला विचारलं की भरती सरकारी, मग वेबसाइट अशी का, आणि नाव झाकलेलं का. पन्नाशीचा माणूस. त्यानं मला खुर्ची दिली.

"ऑनलाइनचं काम बाहेर दिलं हाये बाई. कंपनीनं साइट बनवली. तिच्या मालकाचं नाव आमाले बी मालूम नाई," तो म्हणाला. "पन जाहिरात त या फलकावर लागून होती ना, पयल्या दिवसापासून. इथी येऊन एक डाव विचारलं असतं त म्या सांगतलं असतं."

मी त्याला बरंच सुनावलं. आमच्याकडून पंधरा कागद मागता, प्रत्येकावर नाव, बापाचं नाव, जात, गाव, अंगठा. आणि तुमच्या साध्या वेबसाइटवर एक नाव लिहायला होत नाही. सरकारनं असं तोंड झाकून समोर यायचं आणि खऱ्याखोट्याची पारख मात्र आम्ही करायची. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. माझं एक वाक्यही चूक नव्हतं. त्यातल्या एकाही वाक्यानं ती जागा परत येणार नव्हती.

त्या आठवड्यात मी चंद्रपूरला घरी गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. ते माझ्या बाजूनं बोलतील असं वाटलं होतं. ते कपाटातून पत्रकांचा गठ्ठा काढून बसले आणि पिवळा पडलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. तेंदूपत्ता तोडणाऱ्यांच्या दराबद्दलचं पत्रक होतं, जहाल आणि नेमकं. मी सवयीनं तळाशी बघितलं. ओळ नव्हती.

"हे मीच छापलं," ते म्हणाले. "मालक भेला होता. नाव टाकलं असतं त मशीनच उचलून नेली असती."

मी विचारलं, मग मला आयुष्यभर ते काय शिकवलं. ते म्हणाले की नाव बघणं ही पहिली पायरी होती, त्यापुढे ते स्वतः नेहमी जाऊन चौकशी करायचे. मला पहिली पायरीच सांगितली आणि पुढची सांगायची राहून गेली, असं समजावं. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पत्रक परत गठ्ठ्यात ठेवलं आणि दोरी बांधली.

नंतर मी जुन्या लिंका पुन्हा तपासल्या. त्यातल्या एका खोट्या भरतीच्या वेबसाइटच्या नोंदणीत मालकाचं नाव, पत्ता सगळं उघडं लिहिलेलं होतं. पत्ता नागपूरचा. मी एका ओळखीच्याला तिथं पाठवलं. तिथं लाकडाची आरागिरणी निघाली आणि त्या नावाचा माणूस तिथं कुणी ऐकलेला नव्हता. नोंदणी फक्त एवढं सांगते की वेबसाइटचा हा पत्ता कुणीतरी, अमुक दिवशी घेतला. घेणारा सज्जन आहे की चोर, हे ती सांगत नाही. ते सांगायचा आव मी आणला होता.

मी तिसरं पत्रक काढलं. त्यात माझी चूक जशी झाली तशी लिहिली, आणि नोंदणी बघा पण आधी कार्यालयात जाऊन विचारा, असं लिहिलं. पहिली दोन जिथं लावली होती त्यांच्यावरच ते डकवलं. खोलीत ठेवलेली प्रत सोबतिणीनं हातात घेतली. तिनंही आता माझ्यासारखं तळापासून वाचायला सुरुवात केली होती.

"तुयं नाव होतं ना खाली," ती म्हणाली. "म्हनून त म्या मॅडमपेक्षा तुले खरं मानलं."

त्यात टोमणा नव्हता.

आता ती चंद्रपुरात एका खासगी दवाखान्यात काम करते. गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी मी तिला भेटायला गेले होते. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिच्या गावाजवळच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई होत्या, त्या जागेवर निवडून आलेल्या. त्यांना माडिया येत नाही. समोर पेशंट बसली की त्या हिला फोन लावतात, हे मला तेव्हा कळलं. बाई चांगल्या आहेत, स्वतःहून नंबर शोधून काढला, असं तिनं फोनवर हात ठेवून मला सांगितलं.

तिनं फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून एक म्हातारा आवाज माडियात बोलायला लागला आणि ही एकदम सावरून बसली. आवाज तिच्या आईचा होता. ती ऐकत राहिली, दोन प्रश्न विचारले, परत ऐकलं.

"बाई," मग ती मराठीत म्हणाली, "पोटाच्या गोळ्या नका देऊ. तिची पाठ दुखून राह्यली."